एक सरोवर, अनेक नगरपालिका: सिएटलच्या सामायिक मैलापाणी व्यवस्थेचं प्रकरण

या प्रकरणातली गावं, वर्षं आणि आकडे खरे आहेत. सार्वजनिक कामामुळे आधीच सर्वज्ञात असलेली दोन माणसं सोडली, तर नगरसेवक, अभियंते, रहिवासी या कुणाचीही नावं दिलेली नाहीत. त्यांची पदं आणि त्यांच्यापुढचे पेच एवढंच इथे महत्त्वाचं आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या सिएटल शहराच्या पश्चिमेला प्युजेट साउंड ही समुद्राची खोल खाडी आहे आणि पूर्वेला लेक वॉशिंग्टन हे सुमारे ३५ किलोमीटर लांबीचं गोड्या पाण्याचं सरोवर. सिएटलनं या सरोवरात एके काळी कच्चा मैला सोडला होता. पण १९३०च्या दशकात शहरानं आपली सरोवराकडची गटारं अडवून खाडीच्या दिशेनं वळवली. शहराच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता.

१९४० साली सरोवरावर तरंगता पूल झाला आणि पलीकडचा काठ सिएटलच्या आवाक्यात आला. तिथल्या बागा आणि शेतं जाऊन वसाहती उठल्या. बेलव्ह्यूसारखं गाव १९५३ साली रीतसर शहर म्हणून नोंदलं गेलं. प्रत्येक नव्या वसाहतीला मैलापाण्याची सोय हवी होती. कुठे नगरपालिकेनं ती केली, तर कुठे फक्त गटारांपुरतं स्थापन झालेल्या आणि स्वतःचे निवडून आलेले प्रतिनिधी असलेल्या सीवर डिस्ट्रिक्टनं. १९४१ पासून पुढच्या दीड दशकात सरोवराच्या काठी दहाच्या आसपास छोटी प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांतून रोज सुमारे साडेसात कोटी लिटर पाणी सरोवरात जात होतं.

यातलं एकही केंद्र बेकायदा नव्हतं. बहुतेक केंद्रं त्या काळच्या मानानं चांगली चालत होती. हे मुद्दाम सांगतो, कारण प्रदूषणाचं प्रकरण म्हटलं की आपण आधी चोर शोधतो. इथे चोर नव्हता. प्रत्येक गावानं आपापल्या हद्दीत जबाबदारीनं काम केलं होतं आणि त्या सगळ्या जबाबदार कामांची बेरीज सरोवराला मारत होती.

अडचण

१९५५च्या जूनमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डब्ल्यू. टी. एडमंडसन यांच्या प्रयोगशाळेला सरोवराच्या पाण्यात ऑसिलॅटोरिया रुबेसेन्स हे शेवाळ सापडलं. त्याचा अर्थ त्यांना लगेच कळला. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक सरोवरात हेच शेवाळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसलं होतं आणि त्यानंतर ते सरोवर बिघडत गेलं होतं.

केंद्रांमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यातली घाण कमी झालेली असे, पण स्फुरद (फॉस्फरस) तसंच राहत असे. शेतकऱ्याला स्फुरद म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पाण्यातल्या शेवाळालाही ते पिकाइतकंच मानवतं. एडमंडसन यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: केंद्र कितीही नीट चालवलं, तरी त्याचं पाणी सरोवरात येत राहिलं तर सरोवर हिरवं होत जाणार; पाणी वळवलं तर ते सुधारणार. स्पष्ट दावा आणि तो पडताळण्याची सोय दोन्ही असलेलं असं भाकीत धोरण ठरवणाऱ्यांच्या हाती क्वचितच पडतं.

दुसरी अडचण सिएटलची स्वतःची होती. शहराचा बहुतेक मैला प्रक्रियेविना खाडीत आणि डुवामिश नदीत जात होता. वेस्ट पॉइंट नावाच्या भूशिरापाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली मोठी वाहिनी सरळ समुद्रात उघडत होती. म्हणजे उपनगरं प्रक्रिया करून सरोवर बिघडवत होती, आणि सिएटलनं सरोवर सोडलं होतं पण समुद्रकिनारे घाण करत होतं. दोघांकडेही दुसऱ्याकडे बोट दाखवायला भरपूर जागा होती.

समोर असलेले पर्याय

प्रत्येक गावानं आपलं केंद्र सुधारावं हा पहिला पर्याय. पण स्फुरद काढण्याचं तंत्र तेव्हा छोट्या गावांना परवडेल असं नव्हतं. शिवाय दहा ठिकाणी दहा वेळा सुधारणा करूनही सरोवरात पाणी जाणं थांबणार नव्हतं.

प्रत्येकानं आपली वाहिनी खाडीपर्यंत न्यावी हा दुसरा. पूर्वेकडच्या गावांना त्यासाठी सिएटलच्या पोटातून किंवा सरोवराला वळसा घालून जावं लागणार होतं. एकेकट्यानं हे शक्यच नव्हतं.

तिसरा पर्याय म्हणजे सिएटलनं सगळ्यांचं मैलापाणी घ्यावं आणि बिल पाठवावं. इथे तांत्रिक अडचण कमी आणि विश्वासाची जास्त. मोठ्या शहराच्या गटाराला जोडलं गेलं की उद्या दर तोच ठरवणार, परवा हद्दवाढ करणार, ही उपनगरांची धास्ती होती. आपल्याकडे हद्दवाढ हाच नेहमीचा रस्ता आहे. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावं आली, आणि त्यांच्या मैलापाण्याचा प्रश्नही त्यांच्यासोबत आला. सिएटलच्या आसपासच्या गावांनी मात्र स्वतःची नगरपालिका टिकवण्यासाठीच तर नोंदणी करून घेतली होती.

चौथा पर्याय किंग काउंटीचा. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. जेम्स एलिस या तरुण वकिलानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आधी काउंटीलाच बळकट करण्याची नवी सनद पुढे आणली होती. १९५२ साली मतदारांनी ती फेटाळली.

उरला पाचवा पर्याय: एक नवी संस्था, जिच्यात गावं विरघळणार नाहीत, फक्त ठरावीक काम तिच्याकडे सोपवतील. एलिस यांनी १९५३च्या नोव्हेंबरमध्ये एका नागरी मंडळापुढे भाषण करून ही कल्पना मांडली. १९५७ साली वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळानं तसा कायदा केला. त्यात सहा कामं अशा संस्थेला देता येत होती: मैलापाणी, पाणीपुरवठा, वाहतूक, कचरा, उद्यानं आणि नियोजन. अट एक होती. मध्यवर्ती शहरात आणि शहराबाहेरच्या भागात, दोन्हीकडे वेगवेगळं बहुमत मिळायला हवं. पुढे जे घडलं त्याचा पाया मला या अटीत दिसतो. सिएटलची लोकसंख्या कितीही मोठी असली, तरी उपनगरांच्या नाकावर टिच्चून ही संस्था काढता येणार नव्हती.

पहिला निर्णय: किती मागायचं?

मार्च १९५८ मध्ये पहिलं मतदान झालं. मागणी तीन कामांची होती: मैलापाणी, वाहतूक आणि नियोजन. सिएटलनं होकार दिला आणि बाहेरच्या भागानं नकार. दुहेरी बहुमताची अट असल्यामुळे प्रस्ताव पडला.

आता काय करायचं? एक मत असं होतं की प्रचार वाढवावा आणि तोच प्रस्ताव पुन्हा न्यावा. पुरस्कर्त्यांनी ते ऐकलं नाही. त्यांनी दोन गोष्टी कापल्या. वाहतूक आणि नियोजन काढून फक्त मैलापाणी ठेवलं. आणि सीमा आखडली. ज्या ग्रामीण भागांचा या सरोवराशी फारसा संबंध नव्हता आणि जिथून कडाडून विरोध झाला होता, ते भाग वगळले. त्या वर्षी उन्हाळा कडक होता, काठावर शेवाळाचा वास येत होता, पोहणं असुरक्षित असल्याच्या पाट्या लागल्या होत्या. ९ सप्टेंबर १९५८ला दुसरं मतदान झालं आणि या वेळी दोन्हीकडून होकार आला. ‘मेट्रो’ नावाची संस्था जन्माला आली.

संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय माझ्या मते हाच. नियोजनाचा अधिकार मागितला की प्रत्येक गावाला आपली जमीन जाताना दिसते. मैलापाण्याचा अधिकार मागितला, तर कुणालाही आपलं काही गेल्यासारखं वाटत नाही. सहा महिन्यांत माणसं बदलली नव्हती, सरोवरही बदललं नव्हतं. बदलला होता तो फक्त मागणीचा आकार.

दुसरा निर्णय: रेघ कुठे ओढायची?

संस्था झाली, पण तिचं नेमकं काय आणि गावांचं काय? ठरलं ते असं. घरापासून गल्लीपर्यंतची आणि गल्लीपासून गावाच्या वेशीपर्यंतची गटारं गावाचीच राहतील. ती बांधणं, दुरुस्त करणं, ग्राहकाला बिल देणं हे गावाचं काम. गावांना जोडणाऱ्या मोठ्या वाहिन्या, पंपिंग स्टेशनं आणि प्रक्रिया केंद्रं मेट्रोची. मेट्रो कुठल्याही घराला थेट सेवा देणार नाही. ती गावांना घाऊक सेवा विकेल. गावांनी मेट्रोशी दीर्घ मुदतीचे करार केले. आपलं सगळं मैलापाणी मेट्रोलाच देण्याचं त्यांनी कबूल केलं आणि मेट्रोनं ते घेण्याचं. सिएटलनं आपल्या मुख्य वाहिन्या १९६२च्या सुरुवातीला मेट्रोच्या ताब्यात दिल्या.

या करारांच्या बळावर कर्जरोखे विकता आले. पुढची कित्येक वर्षं इतक्या गावांचं पाणी नक्की येणार आणि त्याचे पैसेही नक्की येणार, हे रोखे घेणाऱ्याला कागदावर दिसत होतं. पहिल्या टप्प्याचा खर्च साधारण १४ कोटी डॉलर, आणि तोही बहुतांशी याच भागातल्या बिलांतून फिटणारा.

दर सगळ्यांना सारखा ठरला. सुरुवातीला घरटी महिना २ डॉलर. केंद्रापासून जवळच्या गावालाही तेवढाच आणि लांबच्या गावालाही तेवढाच. स्वतंत्र घर म्हणजे एक एकक. दुकानं, कार्यालयं, मोठ्या इमारती यांच्यासाठी महिन्याचा ठरावीक पाणीवापर (आजच्या हिशोबात ७५० घनफूट, म्हणजे सुमारे २१ हजार लिटर) म्हणजे एक एकक. हिशोब इतका सोपा की कुठल्याही नगरपालिकेच्या कारकुनाला तो एका दुपारी करता यावा. अंतरानुसार, चढउतारानुसार, पाण्याच्या प्रतीनुसार दर लावायचे ठरवले असते, तर पहिली वाहिनी टाकण्याआधीच दहा वर्षं लवादात गेली असती.

पण या सोपेपणाची किंमतही होती. ती पुढे येते.

काय केलं, काय झालं

१९६३च्या सुरुवातीला पहिल्या केंद्राचं पाणी सरोवरापासून तोडलं. १९६५ साली सरोवराच्या दक्षिण टोकाकडच्या रेंटनचं केंद्र सुरू झालं, १९६६ साली वेस्ट पॉइंटचं. १९६८ पर्यंत सरोवरात जाणारं प्रक्रिया केंद्रांचं पाणी पूर्ण बंद झालं आणि काठावरची छोटी केंद्रं इतिहासजमा झाली.

सरोवरानं एडमंडसन यांचं भाकीत जवळपास शब्दशः खरं केलं. या सरोवरातलं पाणी साधारण अडीच वर्षांत बदलतं, त्यामुळे सुधारणा झपाट्यानं झाली. १९६४च्या सुमारास पाण्याचा नितळपणा मोजायला सोडलेली पांढरी तबकडी मीटरभर खोलीवर दिसेनाशी होत होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती तीन मीटरच्या पलीकडे दिसू लागली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात, शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव वाढल्यावर, सहा-सात मीटरपर्यंत. सरोवरं सुधारतात हे जगभरच्या अभ्यासकांनी ज्या मोजक्या उदाहरणांवरून मान्य केलं, त्यांत हे अग्रभागी आहे.

मात्र सरोवर सुटलं ते दुसऱ्या पाण्यावर भार टाकून. रेंटनच्या केंद्राचं पाणी ग्रीन नदीत, म्हणजे डुवामिशच्या वरच्या अंगाला जाऊ लागलं. ही नदी आधीच कारखान्यांनी बेजार झालेली आणि सरोवरापेक्षा खूपच लहान. तिच्यातून पाणी काढून खोल समुद्रात नेणारी लांब वाहिनी व्हायला १९८७ साल उजाडलं. नदीकाठच्या गावांनी, मच्छीमारांनी आणि तिथल्या आदिवासी समाजानं ती दोन दशकं सोसली. सरोवराकाठी घरं महाग आणि आवाज मोठा. डुवामिशकाठी गोदामं आणि कामगारवस्ती. सामायिक संस्थेच्या कौतुकात हा भाग झाकून टाकणं मला मान्य नाही.

वेस्ट पॉइंटचं केंद्रही सुरुवातीला फक्त प्राथमिक प्रक्रिया करत होतं: गाळ बसवायचा, क्लोरीन मारायचं, सोडायचं. १९७२च्या केंद्रीय कायद्यानं दुय्यम प्रक्रिया, म्हणजे उरलेली घाण जिवाणूंकडून खाववणं, सक्तीची केली. मेट्रोनं सूट मागितली, ती मिळाली नाही, आणि दुय्यम प्रक्रिया पूर्ण व्हायला १९९५ची अखेर झाली. तोवर शेजारी मोठं उद्यान झालं होतं आणि भूशिरावर जागा उरली नव्हती. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऐन पावसात वीजपुरवठा बिघडून याच केंद्रात पाणी भरलं आणि कोट्यवधी लिटर मैलापाणी खाडीत गेलं. एकाच भूशिरावर इतक्या गावांचा भार असणं म्हणजे काय, हे त्या रात्री कळलं.

तिसरा निर्णय: मत कुणाचं?

मेट्रोच्या मंडळावर थेट निवडून आलेलं कुणी नव्हतं. महापौर, नगरसेवक, काउंटीचे प्रतिनिधी असे दुसऱ्या पदावर निवडून आलेले लोक तिथे बसत. गावांना ही रचना आवडत होती, कारण त्यांचा माणूस टेबलाशी होता. १९७२ साली मतदारांनी बससेवाही मेट्रोकडे दिली आणि मंडळ फुगत गेलं. १९९० साली केंद्रीय न्यायालयानं ही रचना घटनाबाह्य ठरवली: छोट्या गावाच्या प्रतिनिधीचं मत आणि मोठ्या शहराच्या प्रतिनिधीचं मत लोकसंख्येच्या प्रमाणात नव्हतं. ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व मोडत होतं.

तिढा अवघड होता. थेट निवडणूक घ्यावी, की काउंटीत विलीन व्हावं? १९९२ साली मतदारांनी विलीनीकरण निवडलं आणि १ जानेवारी १९९४ला मेट्रो ही स्वतंत्र संस्था संपली. आता घाऊक दर किंग काउंटीची परिषद ठरवते. गावांसाठी एक प्रादेशिक जलगुणवत्ता समिती आहे आणि मेट्रोच्या काळापासून चालत आलेली तांत्रिक सल्लागार समिती आहे.

न्यायालय चुकलं असं मी म्हणणार नाही. पण निकालातून जे निघालं त्यात एक पोकळी आहे. व्यवस्थेची सीमा काउंटीच्या सीमेशी जुळत नाही. उत्तरेकडे स्नोहोमिश काउंटीतल्या काही वस्त्याही याच वाहिन्यांना जोडलेल्या आहेत. त्यांना किंग काउंटीच्या निवडणुकीत मत नाही. ब्राइटवॉटर हे तिसरं मोठं केंद्र उभारायला काढलं तेव्हा जागा स्नोहोमिशमध्येच निवडली गेली. वाद, दावे, भरपाईचा समझोता या सगळ्यातून ते २०११ साली सुरू झालं.

आज कुठे आहे

आज नगरपालिका, सीवर डिस्ट्रिक्ट आणि एक आदिवासी शासन मिळून ३४ स्थानिक संस्था या व्यवस्थेत आहेत आणि सुमारे २० लाख लोकांचं मैलापाणी तिच्यातून जातं. रेडमंड, बेलव्ह्यू, बॉथेल या भागांत संगणक क्षेत्रातली बरीच मराठी कुटुंबं राहतात. नवं घर घेतलेल्यांना नेहमीच्या बिलाखेरीज काउंटीकडून क्षमता-शुल्काचं वेगळं बिल येतं. १९९०च्या सुरुवातीनंतर जोडलेल्या घरांनी वाढीव क्षमतेचा खर्च १५ वर्षांत फेडावा, असा त्यामागचा हिशोब. वाढीचा भार जुन्या रहिवाशांवर पडू नये म्हणून काढलेला हा मार्ग मला रास्त वाटतो.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी त्रुटी त्या रेघेवर आहे, गावाची वाहिनी मेट्रोच्या वाहिनीला मिळते तिथे. जुन्या गटारांच्या सांध्यांतून पावसाचं आणि जमिनीतलं पाणी आत शिरतं. मोठ्या पावसात इथल्या मुख्य वाहिन्यांतल्या कमाल प्रवाहाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असं शिरलेलं पाणी असतो. त्यातलं बरंच खासगी घरजोडण्यांमधून येतं. केंद्र आणि वाहिन्या मात्र या कमाल प्रवाहासाठी मोठ्या कराव्या लागतात आणि तो खर्च सगळे मिळून देतात.

आता गावाच्या अभियंत्याच्या जागी बसून पाहा. गळकी गटारं दुरुस्त केली तर खर्च गावाचा, फायदा ३४ जणांत वाटला जाणार. नाही केली तर खर्च ३४ जणांत वाटला जाणार. दर घरटी आहे, प्रवाहानुसार नाही. करारात शिरणाऱ्या पाण्यावर मर्यादा घातलेली आहे, पण ती मोजून वसुली करणं वेगळी गोष्ट. घरजोडणी तर घरमालकाच्या अंगणात. तिथे गावही जायला कचरतं. काउंटीनं २००० नंतर या प्रश्नाचा मोठा अभ्यास केला, काही भागांत दुरुस्ती करून प्रवाह घटतो हे दाखवलं. पण तोवर चार दशकं गेली होती.

सुरुवातीपासून प्रत्येक जोडावर प्रवाहमापक बसवून दराचा छोटासा भाग तरी पावसाळी प्रवाहाला बांधता आला असता. घर विकताना घरजोडणी तपासण्याची अट घालता आली असती. त्यामुळे गावांशी झालेला मूळ करार थोडा अवघड झाला असता हे खरं. पण दहा टक्क्यांपुरता जरी प्रवाहाशी संबंध ठेवला असता, तरी गावाच्या अर्थसंकल्पात गळती ही एक ओळ म्हणून आली असती.

उलट बाजूनं उपनगरंही एक प्रश्न विचारतात. सिएटलच्या जुन्या भागात पावसाचं आणि मैल्याचं गटार एकच आहे. जोराच्या पावसात ते ओसंडतं. ते आवरण्याचा खर्च नवी, वेगळी गटारं असलेल्या गावांनी का सोसावा? यावर एक चांगलं उत्तर अलीकडे सापडलंय. सरोवर आणि खाडी जोडणाऱ्या शिप कॅनॉल या कालव्याच्या बाजूनं सुमारे ४.३ किलोमीटरचा साठवण बोगदा सिएटल शहर आणि किंग काउंटी मिळून बांधत आहेत. त्यात सुमारे ११ कोटी लिटर पाणी थोपवता येईल. ओसंडण्याची काही ठिकाणं शहराची, काही काउंटीची. दोघांवर वेगवेगळे न्यायालयीन आदेश होते आणि दोघांना वेगवेगळ्या टाक्या बांधता आल्या असत्या. त्याऐवजी त्यांनी खर्चवाटपाचा स्वतंत्र करार केला आणि मोठा वाटा शहरानं उचलला. ज्याचा प्रवाह जास्त, त्याचा हिस्सा जास्त. घरटी दरात जे कधी जमलं नाही ते एका प्रकल्पापुरतं जमलं.

मूळ करारांची वाढवलेली मुदत २०३६ची आहे; काही संस्थांनी त्यापुढचीही मुदतवाढ घेतली आहे. नव्या मसुद्यावर बोलताना छोट्या गावांच्या प्रतिनिधींनी आधी दराचा आकडा पाहू नये. शिरणाऱ्या पाण्याचं मोजमाप कोण करणार, त्याचे पैसे कोण भरणार आणि सल्लागार समितीचा सल्ला डावलला तर परिषदेला लेखी कारण द्यावं लागणार का, ही कलमं आधी वाचावीत.